मागितलेली लय

ड्रमरने क्लबच्या बाथरूमची कडी आतून लावली, उजव्या मनगटावरची पट्टी सोडली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि पँटच्या खिशात कोंबली. मग मनगट नळाखाली धरून त्याने मूठ दहादा मिटली, दहादा उघडली. आठव्या वेळी आतून बारीक कळ आली. ती जाईपर्यंत तो थांबला, हात पुसले आणि बाहेर आला.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी, या जॅझ क्लबमध्ये नव्यांची परीक्षा असे. परीक्षा हा शब्द मालकीणबाईंना आवडत नसे. त्या नुसतं 'ऐकणं' म्हणत. नवा वादक यायचा, क्लबच्या तिघांबरोबर, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम यांच्याबरोबर, एक चाल वाजवायचा. दिवस मावळायच्या आत दाराजवळच्या फळ्यावर 'येणारे कलाकार' या ओळीखाली त्याचं नाव खडूने लिहिलं जायचं, किंवा जायचं नाही.

आज यादीत सहा नावं होती. शेवटचं ड्रमरच्या मुलीचं. तिने अर्जात आडनाव लिहिलं नव्हतं. बाईंनी तिला याच फरशीवर रांगताना पाहिलेलं, त्यामुळे कोणी फसण्याचा प्रश्न नव्हता. तरी तिने लिहिलं नव्हतं.

"जेवलास का रे?" बासवाल्या मास्तरांनी विचारलं. ते शाळेत भूगोल शिकवत आणि सगळ्यांशी वर्गात बोलल्यासारखं बोलत.

"जेवलो."

"मग असा उपाशी का दिसतोस? परीक्षा पोरीची आहे, तुझी नाही."

ड्रमर हसला आणि स्टुलावर बसला. या स्टुलावर त्याला सव्वीस वर्षं झाली होती. आठवडाभर तो पुस्तकं बांधायचा. पाठीला सरस, कडेला दाब, कोपऱ्यांना कापड. डॉक्टरांच्या मते मनगट त्या दाबयंत्रामुळे गेलं होतं. त्याच्या बायकोच्या मते दाबयंत्र आणि ड्रम, दोन्हींमुळे. ती नर्स होती, आणि तिने पट्टी बांधताना सकाळीच सांगितलं होतं, "ही सोडलीस तर मला हात दाखवायला येऊ नकोस."

ऐकण्याचा नियम साधा होता. लय नव्या वादकाने मागायची. तो मोजेल त्या वेगाने तिघं वाजवणार, आणि चाल संपेपर्यंत तोच वेग राहायला हवा. बाई गल्ल्यामागे रंगमंचाकडे पाठ करून बसायच्या आणि पेले पुसायच्या. त्यांच्यासमोर लाकडी मेट्रोनोम असायचा. नव्या वादकाने मोजलं की त्या लंबकावरचं वजन सरकवून लय जुळवायच्या आणि लंबक थांबवायच्या. चालीच्या अखेरीस पुन्हा जुळवायच्या. वजन वर सरकवावं लागलं, म्हणजे लय मधेच उतरली. उतरली, म्हणजे ड्रमरने हात दिला.

कारण ड्रमरला ती खोड होती. पोरं घाबरतात, घाबरली की भरभर मोजतात, आणि दुसऱ्या आवर्तनात त्यांची जीभ बाहेर येते. तेव्हा तो लय इतकी हळूहळू उतरवायचा की वाजवणाऱ्यालाच कळायचं नाही. त्याला वाटायचं, आपल्याला सूर सापडला. गेल्या सव्वीस वर्षांत अशी कितीतरी मुलं हसत घरी गेली होती आणि फळ्यावर आली नव्हती.

"तुझी दया त्यांना महागात पडते," बाई एकदा म्हणाल्या होत्या. "ज्याने मोजलं, त्याने निभवावं."

"बुडताना बघवत नाही, बाई."

"मग डोळे मिटून वाजव."

परवा घरी मुलीने भांडी विसळता विसळता विषय काढला होता.

"रविवारी मला हात द्यायचा नाही."

"नाही देणार."

"शब्द?"

"शब्द. बुडालीस तरी?"

"बुडाले तर तळ बघून येईन," ती म्हणाली आणि कढई त्याच्या हातात पुसायला दिली.

पहिले चौघं ठीकठाक होते. एकीने गाणं गायलं, एकाने गिटार वाजवली. पाचवा ट्रंपेटवाला. दिवसा तो इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा आणि ट्रंपेटच्या पेटीतच टेस्टर ठेवायचा. त्याने चांगली सुरुवात केली, पण दुसऱ्या आवर्तनात ओठ सुटले, आणि ड्रमरने सवयीप्रमाणे लय थोडी खाली आणली. ती आणताना त्याला स्वतःलाही बरं वाटलं. मनगट तेवढंच सैल झालं.

शेवटचा सूर विरल्यावर बाईंनी लंबक सोडला, ऐकला आणि वजन दोन खुणा वर सरकवलं.

"मिनिटाला एकशे चौऱ्याऐंशी ठोके मागितलेस," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "एकशे अडुसष्टवर उतरलास. दोन महिन्यांनी ये."

ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट पेटीत ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्या क्षणी त्याला कोणाला तरी काहीतरी बोलायचं होतं, आणि समोर मुलगी सॅक्सोफोनची रीड, म्हणजे वेताची पातळ चकती, ओठात धरून भिजवत उभी होती.

"तुझं बरंय बाई," तो म्हणाला. "तुझा ताल घरचाच. म्हणशील तेवढा उतरेल."

मुलीने रीड बसवली, स्क्रू आवळले आणि ती रंगमंचावर आली. ड्रमरला तिची फक्त पाठ आणि कानामागे खोचलेले केस दिसत होते. कानाची पाळी लाल झाली होती. लहानपणी खोटा आळ घेतला की व्हायची, तशी.

तिने उजवा हात वर केला आणि चुटक्यांवर मोजलं. "एक, दोन, एक दोन तीन चार."

"अगं बाई," मास्तर पुटपुटले, पण तोवर त्यांची बोटं तारांवर धावू लागली होती.

घरी ती ही चाल दोनशेच्या आसपास वाजवायची. आज तिने शिवणयंत्राचा वेग मागितला होता. ड्रमरला तत्क्षणी कळलं की ही भीती नाही. या वेगात कोणी हात दिला तर आंधळ्यालाही दिसला असता. ती दार आतून बंद करून घेत होती. गल्ल्यामागे बाईंनी पेला खाली ठेवला. मेट्रोनोमवर दोनशे आठच्या पुढे खुणाच नव्हत्या. त्यांनी दर दुसरा ठोका धरला आणि वजन एकशे बत्तीसवर आणून लंबक थांबवला.

पहिल्या आवर्तनात तिने चाल सरळ मांडली. दुसऱ्यात ती उडाली. सूर एकामागून एक येत होते, पण एकही चुरगळलेला नव्हता. प्रत्येकाच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ. ड्रमर मोठ्या झांजेवर काडी चालवत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. हे त्याने शिकवलेलं नव्हतं. त्याने फक्त मोजायला शिकवलं होतं. हे तिने दार लावून, संध्याकाळी, शेजाऱ्यांच्या शिव्या खात स्वतः कमावलं होतं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहून भुवई उडवली. 'ऐकतोयस ना?' असा त्या भुवईचा अर्थ होता.

तिसरं आवर्तन सुरू झालं आणि मनगटातली कळ कोपरापर्यंत गेली. त्याने काडी बोटांवर घेतली. बोटं आठ मापं, म्हणजे बत्तीस ठोके, टिकली. मग एकदा काडी झांजेच्या कडेला लागली आणि चपटा, मेलेला आवाज झाला. पाय थांबू दिला नाही त्याने. पाय लय धरून होता. शब्द दिला होता. हात तुटला तरी लय उतरणार नव्हती, असं तो स्वतःला सांगत होता, आणि हात त्याचं ऐकत नव्हता.

नेमकं तेव्हाच मुलीचे सूर लांबले.

जिथे आठ सूर येत होते, तिथे आता एकच यायला लागला. लांब, भरलेला, चार-चार मापं पसरलेला. ती किंचित वळली, सॅक्सोफोनचं तोंड तिने उचललं. मास्तरांनीही लगेच बोटं निम्मी केली. लांब सुराखाली भरगच्च ठेका वाईट दिसला असता, म्हणून ड्रमरनेही झांज निम्मी केली. पायाने लय तशीच ठेवून हाताने दर दुसरा ठोका. खाली वेग तोच धावत होता आणि वर एक संथ गाणं तरंगत होतं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मनगट हळूहळू उघडलं.

दम संपला पोरीचा, ड्रमरला वाटलं. त्याला वाईट वाटलं, आणि लगेच त्याहून जास्त अभिमान वाटला. दम संपल्यावर माणसं थांबतात, हिने त्यातून वाट काढली. चौथं आवर्तन तिने सगळं तसंच नेलं. पाचव्याला मूळ चाल पुन्हा पूर्ण वेगात आली, आणि एवढ्या विश्रांतीनंतर त्याचा हातही आला. चौघं एकदमच थांबले.

बाईंनी लंबक सोडला. तो डावीकडे गेला, उजवीकडे आला. अखेरचा ठोका कानात असेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. वजनाला त्यांनी हात लावला नाही.

"एकशे बत्तीस," त्या म्हणाल्या. "होतं तिथेच."

ट्रंपेटवाला दारापाशीच उभा होता. तो गेला नव्हता. "मी काय म्हणालो ते..." त्याने सुरुवात केली.

"म्हणालास ते बरं झालं," मुलगी म्हणाली. "नाहीतर मी दोनशेवर मोजलं असतं."

"आणि मी सुखाने जेवलो असतो," मास्तर म्हणाले. "माझ्या बोटांना फोड आलेत. उद्या नकाशा कोणत्या बोटाने दाखवू?"

ट्रंपेटवालाही हसला, आणि जाताना तिच्या पेटीची सुटलेली कडी लावून गेला.

बाई खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या. वरची दोन नावं नामांकित वादकांची होती. त्यांच्याखाली त्यांनी मुलीचं नाव लिहिलं, त्याच आकारात, आणि खडू तसाच धरून मागे वळून पाहिलं.

"अर्जात आडनाव नव्हतं. कसं लिहू?"

मुलीने क्षणभर फळ्याकडे पाहिलं.

"आता लावा," ती म्हणाली.

ड्रमर खाली वाकून स्टँडचा स्क्रू सोडवू लागला. स्क्रू आधीच सुटलेला होता. खडूचा आवाज थांबेपर्यंत तो वाकूनच राहिला.

मास्तरांनी बासवर खोळ चढवली. "छान सांभाळलं पोरीने."

"हो ना. दम गेला होता, पण सांभाळलं स्वतःला."

मास्तरांचा हात खोळीच्या चेनवर थांबला. त्यांनी ड्रमरकडे पाहिलं, मग त्याच्या मनगटाकडे.

"बरं," ते म्हणाले आणि चेन ओढली. "तसं म्हण."

घर दहा मिनिटांवर होतं. ऊन अजून भिंतींच्या निम्म्यावर होतं. मुलीने एका खांद्यावर सॅक्सोफोनची पेटी घेतली आणि न विचारता दुसऱ्या खांद्यावर त्याच्या झांजांची पिशवी. तो नको म्हणाला. तिने ऐकलं नाही.

"तिसऱ्यात दम संपला ना?" त्याने विचारलं.

"हो."

"भलतंच जोरात मोजलंस."

"चुकलंच."

"पण थांबली नाहीस. थांबायला नको, एवढंच असतं. आईला फोन कर. फळ्याचा फोटो पाठव."

"पाठवला. ती म्हणाली, बाबाला विचार, पट्टी कुठंय."

"मग?"

"मी म्हटलं, हातावरच असेल."

इमारतीत चार मजले आणि लिफ्ट नाही. मुलगी पुढे गेली. दोन्ही ओझी घेऊन ती दोन-दोन पायऱ्या चढत होती. पिशवीत झांजा एकमेकींवर घासत होत्या. तो पहिल्या मजल्यावर पोचला, तेव्हा ती तिसऱ्यावर होती आणि शीळ घालत होती.

तीच चाल. ड्रमरचा हात आपोआप कठड्यावर गेला आणि बोटाने ठोका धरला. दर दुसरा ठोका. एकशे बत्तीस. सव्वीस वर्षांनंतर त्याला त्यासाठी मेट्रोनोम लागत नव्हता.

पहिलं आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तिसरं आलं आणि शीळ तशीच धावत राहिली, आठच्या आठ सूर, कडा स्वच्छ, वर पायऱ्या चढणारे बूट, खांद्यावर दोन ओझी. सूर लांबवायची जागा आली आणि गेली. त्या जागेआधी दुपारी काय वाजलं होतं, ते त्याला आठवलं: झांजेच्या कडेला लागलेली काडी.

बोट कठड्यावर थांबलं.

तो पायरीवर बसला. खिशातली गुंडाळी काढली, तिचं टोक दातात धरलं आणि पट्टी अंगठ्याखालून सावकाश गुंडाळायला लागला. एक वेढा, दोन वेढे, तिसरा जरा घट्ट. शेवटचं टोक आत खोवून त्याने मूठ मिटून पाहिली.

वर शीळ थांबली. चौथ्या मजल्याच्या कठड्यावरून मुलीचं डोकं वाकलं.

"बाबा, येतोस ना?"

"येतो," तो म्हणाला. "तू हो पुढे."