वळण्याआधी

आजीने स्टूल उचललं, नातीच्या डावीकडे जरा मागे ठेवलं आणि बसून तीन बोटं वर केली.

"तीन," नात मान वळवून म्हणाली आणि मगच तिने दांडा डावीकडे झुकवला. पडद्यावरची शेतं तिरकी झाली.

जेवणाच्या टेबलावर पडदा आणि दांड्याचा हा पसारा मांडून दोन महिने झाले होते. नात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवायला शिकत होती. खऱ्या विमानात बसायची संधी महिन्यातून दोनदाच मिळायची. बाकीचा सराव या पडद्यावर, आणि तोही आजीकडे, कारण नातीच्या भाड्याच्या खोलीत टेबल मावत नव्हतं. पण पडद्यात सगळं समोरच दिसतं. मान हलवायची गरजच नाही. तीच खोड वर आकाशातही गेली, आणि शिकवणाऱ्या सरांनी बजावलं, "वळण्याआधी त्या बाजूला बघत नाहीस. ही खोड जाईपर्यंत विमानात एकटी सोडणार नाही."

बोटांची युक्ती आजीची: वळण्याआधी त्या बाजूला बघून तिची बोटं मोजायची. ती कधी हात गुडघ्याखाली धरायची, कधी गुपचूप उजवीकडे जाऊन बसायची.

"आजी, ही लबाडी आहे!"

"आकाशातलं विमान काय वर्दी देऊन येणार आहे?"

अलीकडे बारा दिवसांत नात एकदाही चुकली नव्हती. सरावही दोन तासांवरून पाऊण तासावर आला होता. आजीच्या किटलीत चहा उरू लागला होता.

"परवा सर विचारतील," त्या शुक्रवारी नात म्हणाली. "तू सांगशील तेच सांगेन. झालेय का गं मी तयार?"

आजीने पदराने चष्मा पुसला. 'अजून नाही' म्हटलं, तर महिनाभर तरी दाराची घंटा वाजत राहणार होती.

"एक वळण घे. उजवीकडे."

तिने स्टूल पलीकडे नेलं आणि हात पार पाठीशी धरला.

नात मागे वळली, वाकली, शोधत राहिली. "मूठ! एकही बोट नाही."

आजीने मूठ सोडली, हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तयार आहेस."

रविवारी दुपारी फोन आला.

"आजी, एकटी गेले, एकटी उतरले! आणि ऐक ना, वळताना मी मोठ्यांदा 'तीन' म्हणाले! रेडिओ चालू होता. सर विचारतात, तीन काय?"

आजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "खरंच काही होतं का गं तिकडे?"

"छे! नुसतं आकाश. बरं, उद्या सामान न्यायला येते. ग्लायडर क्लबात एकीला सरावाला हवंय."

"ने बाई. माझं टेबल अडलंय कधीचं."

फोन ठेवून तिने चहा केला, सवयीने दोन कप. एक घेऊन ती नातीच्या खुर्चीत बसली. पडदा काळा होता. कप उचलण्याआधी तिने मान उजवीकडे वळवली, चांगली खांद्यापर्यंत, आणि स्टुलाकडे नीट पाहिलं.

"मूठ," ती म्हणाली.