लिंबाचा गोल

मित्रांनो, मी सरावाची एक जुनी जर्सी आहे. बिनबाह्यांची, अंगातल्या शर्टावरून चढवायची. आज मला पाहाल तर माझा रंग नक्की कोणता, यावरून तुमच्यात वाद होईल. पण शिवली गेले तेव्हा मी पिवळीधमक होते.

मला आत्याने शिवलं. माझी आत्या नव्हे, फुटबॉल शिकवणाऱ्या सरांची. सर दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करत आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर मुलांना खेळ शिकवत. दोन संघ ओळखू यावेत म्हणून त्यांनी आत्याकडून निळ्या आणि लाल जर्स्या शिवून घेतल्या. पिवळी कुणी मागितलीच नव्हती. पण कुठल्याशा पडद्याचा तुकडा उरला होता, तो आत्याला टाकवेना, आणि मशीनही चालू होतं. अशी मी आगंतुकासारखी या जगात आले. सरांना माझं काय करावं ते कळेना. सुरुवातीला त्यांनी माझ्याने चिखल लागलेले चेंडू पुसले. आता कुणाला सांगायचं?

त्या मैदानावर सगळ्या तऱ्हेची मुलं येत. कुणाच्या पायाला चेंडू चिकटल्यासारखा राही, तर कुणी स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडे. सगळ्यांत जोरात मारणाऱ्या मुलाला तोफ म्हणत. त्याचा चेंडू आला की गोलकीपर अडवायचं सोडून बाजूला होई. त्याची धाकटी बहीण म्हणजे मुंगी. ती जिवाच्या आकांताने धावायची, पण चेंडू तिच्यापाशी येतो न येतो तोच कुणीतरी काढून न्यायचं. अख्खी संध्याकाळ तिचा पाय चेंडूला लागत नसे.

सरांना ते बघवेना. एके दिवशी त्यांनी मला झटकलं, मुंगीच्या गळ्यात घातलं आणि नियम सांगितला. पिवळ्या जर्सीकडून चेंडू काढून घ्यायचा नाही, तिला सुखाने खेळू द्यायचं.

सरांचा हेतू चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही. पण मुलांनी आधी नियम ऐकला, मग माझा रंग पाहिला, आणि त्यांना शब्द सापडला. कच्चं लिंबू! तुम्हीही कुणाला तरी केलं असेल. ज्याला खेळात घेतात पण खेळाडूंत धरत नाहीत, ज्याला आउट करत नाहीत आणि ज्याने काही केलं तर ते मोजतही नाहीत, ते कच्चं लिंबू. त्या दिवसापासून मुंगीचं नाव लिंबू पडलं आणि माझंही.

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याच्या अंगात जर्सी, त्यानेच ती घरी नेऊन धुवायची. त्यामुळे मी कायम मुंगीच्याच घरी असे. ती मला बादलीत बुचकळून इतकी घासायची की तिची आई म्हणे, स्वतःच्या युनिफॉर्मला कधी असा हात लावत नाहीस. मला वाटायचं, माझे लाड चाललेत. फार उशिरा लक्षात आलं, ती रंग जातोय का ते बघत होती.

मग तो गोल झाला. तोफने मारलेला चेंडू गोलच्या खांबावर आपटून परत आला, तो निळ्या-लालांच्या पायांतून घरंगळत थेट दुसऱ्या टोकाकडे निघाला आणि निळ्यांकडून खेळणारी मुंगी त्याच्यामागे सुटली. यावेळी कुणी तिला मुद्दाम वाट दिली नव्हती, कुणाला ती गाठताच आली नाही. लालांच्या गोलकीपरने खरोखरची उडी मारली, आणि ती खरोखर चुकली. चेंडू जाळीत गेला. मुंगीचं काळीज इतकं धडधडत होतं की माझी शिवण हलत होती.

तोफ लाल संघात होता. त्याने चेंडू उचलून आणला आणि खाली ठेवला. "लिंबाचा गोल धरत नाहीत," तो म्हणाला. त्यात खुन्नस नव्हती, तो नियम सांगितल्यासारखं बोलला. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी गोल पाहिला होता. पण रोजच्या सवयीने त्यांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, पुढे चला.

मुंगीने मला डोक्यावरून काढलं, घडी घातली आणि सरांच्या हातात दिलं.

"सर, माझ्याकडून चेंडू काढून घेतला तरी चालेल. पण गोल धरा."

एवढं बोलून ती घरी गेली. तोफ तिच्यामागे हाका मारत गेला, तिने वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती खेळायला आली नाही.

मी तशीच घामट सरांच्या घरी खुर्चीच्या पाठीवर पडून होते. आत्या आली, तिने मला उचलून नाक मुरडलं, आणि सरांनी तिला सगळं सांगितलं. आपण तर पोरीचं भलंच करत होतो, असंही सांगितलं. आत्या जरा वेळ माझी उसवलेली कड चाचपत राहिली.

"लहानपणी तुलाही आम्ही लिंबू करायचो," ती म्हणाली. "रडत घरी यायचास. का, आठवतंय? कुणी आउट करत नाही म्हणून."

 सरांनी मला मोरीत नेऊन स्वतः धुतलं. बरं धुतलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी ते मुंगीच्या दारात उभे राहिले. आईने चहा विचारला, ते नको म्हणाले. मुंगी आईच्या मागून पाहत होती. "तुझा गोल मी धरायला हवा होता, चुकलं माझं," सर तिला म्हणाले. "उद्या ये. चेंडू काढून घेतील, सांगून ठेवतो."

मुंगी आली. सरांनी तिला निळी जर्सी दिली आणि मला तोफच्या गळ्यात घातलं. नवा नियम असा, की पिवळ्याने गोल मारायचा नाही, फक्त पास द्यायचा. तोफचं तोंड एवढंसं झालं. सरांनी चेंडू मधोमध ठेवला आणि जाहीर केलं, निळे एक, लाल शून्य. अजून तर खेळ सुरूही झाला नाही, अशी कुणीतरी कुरकुर केली. परवाचा राहिला होता, सर म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

त्या दिवशी तोफची फार पंचाईत झाली. चेंडू पायात, गोल समोर आणि मारायचं नाही! मान वर करून आपली माणसं कुठे आहेत ते बघण्याची त्याला सवयच नव्हती. हळूहळू तो बघायला लागला. मुंगी समोरच्या संघात होती, आणि एकदा त्याने स्वतःच तिच्याकडून चेंडू काढून घेतला. ती पडली, गुडघा खरचटला. तो घाबरून थांबला. "थांबतोस काय, दादा, खेळ!" ती ओरडली आणि लंगडत त्याच्यामागे धावली.

त्या दिवशी तिचा एकही गोल झाला नाही. घरी जाऊन तिने आईला सांगितलं, आज सगळ्यांनी माझ्याकडून चेंडू काढून घेतला. तोंडभर हसत सांगितलं. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते आईला काही कळलं नाही.

आणि पद्धतीप्रमाणे मला धुवायची पाळी तोफची होती. त्या पठ्ठ्याने जन्मात कपडा धुतला नव्हता. त्याने मला नव्या लाल टॉवेलाबरोबर गरम पाण्यात भिजवलं आणि विसरून गेला. सकाळी मी बाहेर आले ती नारिंगी होऊन. मुंगीने मला पाहिलं आणि हसून हसून खाली बसली. इतके दिवस घासून जे तिला जमलं नव्हतं, ते दादाने न घासता केलं होतं.

आता मला संत्रं म्हणतात. मी आळीपाळीने सगळ्यांच्या अंगात जाते, आणि जो घालतो त्याच्यासाठी सर नवा नियम काढतात. कुणी फक्त डाव्या पायाने खेळतं, कुणी फक्त पास देतं. माझा गळा सैल झाला आहे, एका बाजूची शिवण गेली आहे, आणि आत्याला आता सुईत दोरा ओवता येत नाही.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. ज्याला कमी जमतं त्याला खेळात घ्या, हवं तर सांभाळूनही घ्या. पण त्याने गोल केला तर तो धरा. आणि रंगीत कपडे वेगळे भिजवा. प्रत्येक वेळी संत्रं होईलच असं नाही.