मुलीला विचारलं होतं

वस्तीतली माणसं अंजनीला 'जेंडर मॅडम' म्हणत. जेंडर म्हणजे काय, ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. एका म्हातारीला तर ते तिचं आडनावच वाटे, आणि "जेंडर म्हणजे तुम्ही कुठल्या गावचे?" असंही तिने एकदा विचारलं होतं. अंजनी हसून "अंबरनाथचे" म्हणाली होती.

मुलांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेत ती होती. संस्थेच्या बालवाड्या, अभ्यासवर्ग, औषधपाणी या सगळ्यांतून मुलींच्या वाट्याला मुलग्यांइतकं येतं की नाही, हे पाहणं तिचं काम. त्यासाठी दिल्लीच्या बैठका व्हायच्या, कधी काठमांडूलाही जावं लागे. पण तिचा जीव रमायचा तो उल्हासनगरच्या त्या वस्तीत. तिथे दारोदारी बायका जीन्सच्या ढिगापुढे बसून धागे कापत, आणि मागचा नाला कधी निळा वाहे, कधी काळा. ज्या दिवशी जो रंग धुतला तो.

दोन हजार सात साल उजाडायच्या बेताला नाथाच्या किर्तीला स्थळ आलं. पोरगी नववीत. नाथा टेम्पोवर होता, बायको चांगुणा धागे कापायची. स्थळ नाथाच्या थोरल्या बहिणीने, कौसाबाईने, आणलेलं, तिच्याच दिराच्या मुलाचं. बदलापूरच्या मांजर्लीत तिच्या सासरी सगळे भाऊ एकाच चुलीवर नांदत होते. किर्तीने संस्थेच्या मुलींच्या गटात रडत रडत सांगितलं आणि अंजनी नाथाकडे जाऊन बसली.

"मॅडम, पोलिसाची भीती घालायला आला असाल तर चहा घ्या आणि निघा," नाथा म्हणाला.

"चहाच घ्यायला आलेय, नाथाभाऊ. साखर जरा कमी."

मग ती जात राहिली. कायद्याचं नाव तिने काढलं नाही. किर्तीच्या गणिताविषयी बोलायची, टेम्पोच्या हप्त्याविषयी बोलायची, स्वतःच्या आईविषयी सांगायची. एके दिवशी नाथाच आपण होऊन म्हणाला, "नाही म्हणून कळवतो. कौसाअक्का रागवेल, रागवू दे. पण मॅडम, ही गोष्ट या घरातच राहिली पाहिजे. पत्रिका जमत नाही असं अक्का तिच्या घरी सांगेल. त्यांचा पण मान राहील, आमचा पण."

"बरं," अंजनी म्हणाली. तिला ती फार लहानशी अट वाटली.

कौसाबाईने दोन दिवस तोंड फिरवलं, आणि मग भावासाठी दिरापुढे जाऊन ते खोटं बोलली. प्रकरण मिटलं. किर्ती पुन्हा दोन वेण्या घालून शाळेत जाऊ लागली.

मार्चमध्ये महिला दिनाला संस्थेचे परदेशी पाहुणे येणार होते. कार्यक्रम सांभाळणारे शरदचंद्र अंजनीला म्हणाले, "अंजनीताई, नुसती भाषणं नकोत. एक तरी शूर मुलगी दाखवू या. तुमची ती टेम्पोवाल्याची किर्ती."

"अहवालात आपण तिचं नाव बदललंय, शरदचंद्र."

"अहवालाचं वेगळं, स्टेजचं वेगळं. मुलीची तयारी असेल तर? तुम्हीच तर शिकवता आम्हाला, मुलीला विचारा म्हणून."

ती ते शिकवायचीच. कितीतरी शिबिरांत फळ्यावर लिहायची. मुलीच्या आयुष्याची गोष्ट मुलीची, ती सांगायची की नाही हे तिनेच ठरवायचं. तिने किर्तीला विचारलं.

"शाल देणार? मोठ्या बायकांना देतात तशी?" किर्तीचे डोळे चमकले. "मग येते ना!"

नाथाचे शब्द अंजनीला आठवले नाहीत असं नाही. पण बापाला विचारायला गेलं तर तेच झालं, मुलीचं तोंड बापाच्या हातात, असं तिच्या मनाने घेतलं. नाथाला निरोप गेला तो एवढाच, की पोरीचा सत्कार आहे, या.

नाथा इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोरीचा नंबर-बिंबर आला असेल अशा समजुतीने चांगुणाही ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. किर्ती स्टेजवर गेली, शाल अंगावर पडली, आणि निवेदन करणाऱ्या बाईंनी माइकवर खणखणीत आवाजात वाचलं, "वडिलांचा विरोध मोडून, नातेवाईकांनी ठरवलेला बालविवाह हिने धुडकावून लावला!"

टाळ्यांचा पाऊस पडला. नाथाने टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. आजूबाजूचे वळून वळून त्याच्याकडे बघत होते. तो उठला आणि खुर्च्यांच्या रांगेतून वाकून, लोकांच्या पायांना धक्का लागू न देता, बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या छोट्या पेपरात फोटो आला, नावासकट. मांजर्लीला पोचायला त्याला वेळ लागला नाही. "पत्रिका जमत नव्हती काय वहिनी?" म्हणत कौसाबाईच्या दिराने तो तिच्यापुढे टाकला. त्या आठवड्यात चूल वेगळी झाली. कौसाबाईचे गुडघे गेलेले, सून नुकती बाळंत झालेली, आणि जावा समोरून जाताना पाण्याचा तांब्यादेखील उचलून देईनात.

नाथा पोरीला रागावला नाही. तो तिच्याशी बोलायचाच बंद झाला. ताट पुढे आलं की जेवायचा, चावी उचलायचा, जायचा. नववीचा निकाल लागला, किर्ती पास झाली. आणि मग ती आत्याकडे बाळंतिणीचं करायला गेली.

जूनमध्ये शाळा उघडली तरी ती आली नाही, तेव्हा अंजनीने नाथाला टेम्पोच्या नाक्यावर गाठलं. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला.

"मी कधी विरोध केला, मॅडम?" तो हळूच म्हणाला. "सख्ख्या बहिणीच्या शब्दाला मी नाही म्हटलं. हे कुणी वाचलं का माइकवर?"

"नाही वाचलं. माझं चुकलं, नाथाभाऊ. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"जाऊ द्या."

"किर्तीला शाळेत येऊ द्या. माझ्यावरचा राग तिच्यावर नको."

"मी कुठं अडवलंय?" नाथाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तेव्हा तुम्ही पोरीला विचारलं होतं. आता पण तिलाच विचारा."

रविवारी अंजनी मांजर्लीला गेली. दोन वर्षांपूर्वीच्या पुराची मातकट रेघ घराच्या भिंतीवर अजून होती. कौसाबाई दारातच पाय पसरून बसली होती.

"या," ती म्हणाली. "आता कुणाचा सत्कार?"

किर्ती मागच्या मोरीवर बाळाची दुपटी धूत होती. ओल्या हातांनीच उठली. "ताई! एवढ्या लांब कशाला आलात?" तिला खरंच आनंद झाला होता.

अंजनीने सगळं आणलं होतं. इथल्या शाळेत नाव घालता येईल. सकाळचीच शाळा. पुस्तकं मी देते. तेही नको असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं.

किर्तीने शांतपणे ऐकून घेतलं. "नको ताई."

"पप्पांनी सांगितलंय असं म्हणायला?"

"पप्पा बोलतात कुठे माझ्याशी? मीच म्हणते. आत्या माझ्यासाठी खोटं बोलली, आणि आज तिला कुणी पाणी देत नाही. तिला टाकून मी वर्गात जाऊन बसू?"

"चूक माझी आहे, किर्ती. तू कशाला फेडतेस?"

"तुम्हीच म्हणायच्या ना, आपलं आपण ठरवायचं? मी ठरवलं."

हा निर्णय नाही, हे दडपण आहे, असं अंजनीच्या अगदी ओठांवर आलं. पण मग मार्चमधला तो होकार काय होता? शालीला भुललेल्या पोरीचा होकार तेव्हा तिने आनंदाने मोजला होता. आताचा नकार कुठल्या तोंडाने खोडायचा? आत बाळ रडलं. किर्तीने हात परकराला पुसले आणि ती आत गेली. तिची वाट बघत अंजनी बराच वेळ मोरीपाशी उभी राहिली. मग तिनेच उरलेली दुपटी पिळून दोरीवर टाकली.

घरी आल्यावर तिची आई, द्रौपदीबाई, सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "ज्याने पोरीची बाजू घेतली, त्यालाच तुम्ही पाडलंत गं."

त्यानंतरही अंजनी मांजर्लीला जात राहिली. किर्ती चहा करायची, बाळ दाखवायची, आणि शाळेचा विषय आला की उठून कामाला लागायची. कौसाबाईचे टोमणे मात्र हळूहळू कमी झाले.

दिवाळीनंतर चांगुणा दारात धागे कापताना म्हणाली, "भाऊबीजेला हे गेले होते अक्काकडं. बोलले पोरीशी."

"खरंच? काय म्हणाले?"

"काय म्हणणार. बाळ लई गोड आहे म्हणाले. मग दोघं रडली."

अंजनीचा जीव भांड्यात पडला. ती चटकन खाली बसली. "मग आता येईल ना ती शाळेत? अजून फॉर्म भरता येईल चांगुणाताई, दंड भरून. मी बघते."

चांगुणाने पँट उलटी केली, शिवणीवरचा धागा ओढून कापला.

"आता नाही ताई. मी पण विचारलं तिला," ती म्हणाली. "पुस्तक उघडलं की झोप येते म्हणाली."