दीड सुताची चूक

मित्रांनो, मी एक स्वस्तातली गिटार आहे. जुनी म्हणावी इतकं माझं वय नाही, पण माझ्या पोटावर एक ठिगळ आहे आणि आवाज थोडा बसलेला आहे. मला पाहून कुणी थबकत नाही. तरीही माझ्यामुळे एका बाईंचे आठ महिने कसे करपले ते मला सांगायचं आहे, कारण जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हा मला सांगता आलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसाला शेकडो गिटारी तयार होत. माझं पोट अखंड फळीचं नाही. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेलं ते प्लायवूड आहे, फक्त वरच्या पापुद्र्यावर रेषा सुरेख आहेत. मान हलक्या लाकडाची, आणि तिच्यावरची पट्टी काळा रंग दिलेली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साध्या लाकडाची गिटारही खरी वाजू शकते. खोट निघाली ती दुसरीकडेच.

पोटावरच्या ज्या लाकडी तुकड्यात तारा अडकवतात, त्याला घोडी म्हणतात. ती कुठे चिकटवायची हे साच्यावरून ठरतं. माझ्या वेळी साचा जरासा सरकला आणि घोडी मानेच्या बाजूला पुढे बसली. किती? नखाएवढीसुद्धा नाही. पुढच्या टेबलावर तपासणारा होता. त्याने मला ओरखडा नाही ना ते पाहिलं, पॉलिशवर फडकं मारलं आणि खोक्यात घातलं. वाजवून कुणी पाहिलंच नाही.

बारामतीच्या एका दुकानात संजीवनीबाईंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं. बाई कऱ्हाटीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवत. वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं त्या शाळेची पेटी वाजवत होत्या, प्रार्थना सांगत होत्या, मुलींची समूहगीतं बसवत होत्या. गिटारची हौस त्यांना कॉलेजपासूनची. ती आता कुठे पुरी होणार होती. दुकानात त्यांनी माझी मान डोळ्यासमोर धरून वाकली नाही ना ते पाहिलं, पोटावर टिचकी मारली, मोबाइलचा उजेड आत टाकून डिंक नीट लागलाय का तेही तपासलं. मग सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

"हिचा आवाज गोड आहे हो," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

गोड होताच. मोकळ्या तारा चुगली करत नाहीत. प्रत्येक तार आपापल्या सुरात लावलेली असते. बोटाने ती मानेवरच्या धातूच्या पडद्यावर दाबली की खोट उघडी पडते. आणि बाईंना तेव्हा तार दाबायची कुठे येत होती?

पहिले तीन महिने आनंदात गेले. बाई दर रविवारी बारामतीला विजयसिंहसरांच्या क्लासला जात. सुरुवातीचे धडे मानेच्या टोकाशी असतात, तिथे माझी खोट फारशी कळत नाही. मग बोटं हळूहळू मानेच्या मध्यापर्यंत सरकली आणि एके दिवशी बाईंनी कपाळाला आठी घातली.

"सर, इथे सूर चढतोय."

सरांच्या भोवती बारा विद्यार्थी बसलेले. त्यांनी मोबाइलवर सूर तपासायचं अॅप लावून तो माझ्याजवळ धरला. त्या अॅपमध्ये फक्त सहा मोकळ्या तारा तपासता येत, आणि सहाही बरोबर निघाल्या.

"मॅडम, गिटार बरोबर आहे. कान तयार व्हायला वेळ लागतो."

सर मनाने वाईट नव्हते, घाईत होते. पण बावीस वर्षं पेटीवर बसलेल्या कानाला ते वाक्य लागलं.

घरी त्यांची आई सरुबाई अंगणात लसूण सोलत होती. म्हातारीला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. बाई तिच्या कानाशी वाकल्या.

"आई, तुझा कान पहिल्यांदा बिघडला तेव्हा काय झालं होतं गं?"

"काय म्हनती?"

बाईंनी पुन्हा मोठ्याने विचारलं. म्हातारी हसली.

"भजनात बसले व्हते. पेटी येकदम वाकडी लागाया लागली. म्या पेटीवाल्याशी भांडले, समदी मला हसाया लागली. पेटी बरूबर व्हती, बाय. माझाच कान गेल्ता."

"किती वर्षांची होतीस?"

"तुझ्याच वयाची आसंन. मग दोन वर्सात समदंच बंद झालं."

मी ओट्यावर भिंतीला टेकलेली होते. बाईंचा चेहरा मला दिसत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, कुणीतरी मला दगडावर आपटावं, माझे तुकडे व्हावेत, पण या बाईंना कुणीतरी सांगावं की तुमचा कान उत्तम आहे. इतका उत्तम, की दुकानदाराला, सरांना, त्या बाराही विद्यार्थ्यांना जे कळलं नाही ते तुम्हाला कळलं. पण मला आवाज होता तो फक्त तारांचा, आणि तोच खोटा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी शाळेला जाण्याआधी मला घेऊन बसू लागल्या. तीच तार, तोच पडदा. एक कान झाकून ऐकत, मग दुसरा. रोज मी त्यांना तोच चढा सूर दिला. दुसरं मी देणार काय? मग त्या मला कोपऱ्यात ठेवून देत. मोबाइल बरोबर म्हणत होता, सर बरोबर म्हणत होते. मग चूक उरली कुणाची?

भीती एकदा कानात शिरली की ती सगळीकडे ऐकू येते. शाळेतली पेटीही त्यांना संशयाची वाटू लागली. त्यांनी प्रार्थना सांगणं सोडलं आणि स्पीकरवर लावायला सुरुवात केली. मला त्या अधूनमधून शाळेत नेत, म्हणून हे मी पाहिलं. एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी का न्हाय म्हनत आता?"

"घसा बसलाय गं."

समूहगीताच्या तालुका स्पर्धेसाठी त्यांनी सातवीच्या मुलींचं गाणं जवळजवळ बसवलं होतं. स्पर्धेला पंधरा दिवस असताना त्यांनी शाळेचं नाव मागे घेतलं. चुकीचा सूर शिकवून पोरींचं हसं व्हायला नको, असं त्यांना वाटलं. पोरी रडल्या. बाई वर्गातून बाहेर जाऊन हौदापाशी उभ्या राहिल्या.

घरी त्या टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या सांगणाऱ्यांच्या ओठांकडे पाहत बसत. सवय करत होत्या. एकदा कान तपासायला दवाखान्यात गेल्या, नंबर लावला, नाव पुकारलं गेलं तशा उठल्या आणि थेट बाहेर पडून घरी आल्या. आल्या आल्या आईला म्हणाल्या, "कागदावर आलं की संपलं." म्हातारीला ते ऐकू गेलं नाही. तिने जेवायला वाढू का म्हणून विचारलं.

असे आठ महिने गेले. मग एका शनिवारी बाई शाळेची पेटी आणि मला घेऊन इंदापूरला गोकुळभाऊंच्या दुकानात आल्या. गोकुळभाऊ मूळचे सुतार. थेट नरसिंहपूरपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला येत.

"भाऊ, पेटीचा भाता गळतोय. तेवढा नीट करा. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या बाई वाजवतील," बाई म्हणाल्या. "आणि ही गिटार कुणाला हवी असेल तर देऊन टाका."

"का वो बाई? सोडली व्हय?"

"जमत नाही मला."

गोकुळभाऊंनी मला मांडीवर घेतलं. मोकळ्या तारा छेडल्या, मान डोलावली. मग सहज मानेच्या मध्यावर बोट दाबून तार छेडली आणि तोंड वाकडं केलं.

"हॅत्! चढतीय की ही."

बाई दाराकडे निघाल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"गोकुळभाऊ... तुम्हाला पण ऐकू आलं?"

"ऐकू न यायला काय झालं? हितं मधी बगा की, चांगली चढतीय."

"परत वाजवा."

त्यांनी वाजवलं.

"परत."

भाऊंना काही उमगेना. बाईंनी टेबलाची कड धरली होती. मग त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही वाजवा. काही बोलू नका. कुठे चुकतंय ते मी सांगते."

भाऊ वाजवत गेले. बाई सांगत गेल्या. इथे बरोबर, इथे थोडा चढा, इथे जास्त. एकही उत्तर चुकलं नाही. भाऊंनी हळूच बाईंच्याच पेटीची एक पट्टी दाबली.

"हा उतरलाय," बाई म्हणाल्या.

"आवो, उतरलाय किती, केसाएवढा! मला दोनदा ऐकाया लागला." भाऊंनी मला खाली ठेवलं. "बाई, माझी उमर गेली पेट्या लावन्यात. तुमच्यासारका कान मी लई बगितला न्हाय. कोन म्हनलं तुमाला जमत न्हाय?"

त्यांनी दोरा घेतला. मानेच्या टोकापासून बाराव्या, म्हणजे तारेच्या बरोब्बर मधल्या पडद्यापर्यंत मोजला, गाठ मारली, आणि तोच दोरा मधल्या पडद्यापासून घोडीपर्यंत धरला. दोरा घोडीच्या पलीकडे गेला.

"ही दोन्ही मापं सारकी पायजेत. दीड सूत कमी हाय, पुरतं पाव इंचबी न्हाय. घोडीच पुढं चिकटवली रांडंच्यांनी!"

बाई स्टुलावर बसल्या. आधी त्या हसल्या. मग पदर तोंडाशी धरून त्या ज्या रडल्या, ते रडणं मी आजवर विसरलेले नाही. "पोरींचं गाणं मी बंद केलं हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

भाऊंनी त्यांना पाणी दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "घोडी काडून मागं घेतो. पर पत्त्यागत पातळ लाकूड हाय. फाटलं तर हिचा आवाज जाईल. तसंच राहू द्यायचं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या सगळ्या तारा थरथरत होत्या असं म्हणायला मला आवडेल, पण मी नुसती पडून होते.

"फाटलं तर फाटू दे," त्या म्हणाल्या. "खोटं नको."

तारा उतरल्या. तापवलेली पातळ सुरी घोडीखाली सरकली. आधी नीट चाललं होतं, मग शेवटच्या टोकाला कर्रकन आवाज झाला आणि माझ्या पोटाचा पापुद्रा घोडीबरोबर उचलला गेला. भाऊंनी जीभ चावली. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगते, मला त्याचं दुःख वाटलं नाही.

तेवढ्यात मागून पेटीचा सूर आला. बाईंनी फळीवरची एक दुरुस्त झालेली पेटी ओढून घेतली होती. त्या पोरींचं ते स्पर्धेचं गाणं म्हणू लागल्या. आवाज रडून बसलेला, मध्येच फुटणारा, पण सूर स्वच्छ. दुकानाबाहेर दोघेतिघे थांबले. मी फाटक्या पोटाने, एकाही तारेशिवाय टेबलावर पडले होते, आणि माझ्याशेजारी बाई आठ महिन्यांनी गात होत्या.

भाऊंनी मला ठिगळ लावलं आणि घोडी तिच्या खऱ्या जागी बसवली. माझा पूर्वीचा गोडवा गेला, पण आता बोट ठेवाल तिथे सूर खरा लागतो. बाईंनी पुढच्याच आठवड्यात कान तपासून घेतले. आज ते चांगले आहेत. पुढचं कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्या आईचा आजार खोटा नव्हता. आणि ती स्पर्धा होऊन गेली. त्या मुली सातवी संपवून आता दुसऱ्या शाळेत आहेत. त्यांचं गाणं त्यांना कुणी परत देऊ शकत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वाद्य स्वस्त घ्या, साध्या लाकडाचं घ्या, पण नुसती चमक पाहून आणि मोकळी तार ऐकून घेऊ नका. मानेच्या मध्यावर बोट ठेवा आणि ऐका. त्याला उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका. आणि कुणी काकुळतीने म्हणालं, इथे काहीतरी चुकतंय, तर त्याच्यातच खोट आहे असं ठरवण्याआधी एक दोरा घ्या आणि मोजून पाहा. गोकुळभाऊंना ते मोजायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.