बाहेरून बांधलेलं नेट

अप्पारावचं शेडनेट वडीगोद्रीच्या रस्त्याला लागून आहे. गाडीतून जाणाऱ्याला वाटतं, काय गार असेल आत! वर हिरवं कापड, चारी बाजूंनी बारीक जाळी, आत टोमॅटोच्या रांगा आणि रांगांत वाकलेल्या बाया. गार काही नसतं. ज्या जाळीतून माशी आत येत नाही, तिच्यातून वाराही येत नाही.

बियाण्याच्या कंपनीसाठी तिथे क्रॉसिंग चालतं. दुपारी कळीतला नर चिमट्याने खुडायचा आणि दुसऱ्या सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. मधेच बाहेरची माशी शिरून भलतेच पराग लावून गेली, तर कंपनी सगळं बियाणं नापास करते आणि बायांच्या हंगामभराच्या मजुरीची माती होते. म्हणून बाया आत गेल्या की दार बाहेरून सुतळीने बांधायचं. हाती घेतलेली रांग संपेपर्यंत ते सोडायचं नाही. हा नियम अप्पारावने घातलेला नव्हता, बायांनीच घालून घेतला होता. मागे एकदा कुणीतरी दार उघडं टाकलं, तेव्हापासून.

एरवी क्रॉसिंग होळीच्या आत उरकायचं. यंदा दिवाळीतल्या पावसाने रोपं आडवी केली, लागवड दुसऱ्यांदा झाली आणि नेटात एप्रिल शिरला.

बेबीनंदाची लेक भावना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. तरी ती आईबरोबर कामाला यायची. बेबीनंदा रोज भांडायची.

"घरी बस म्हनलं तर कळत न्हाई का तुला?"

"पत्र्याखाली बसू? लाईट गेल्ती सकाळीच. तिथंबी भट्टी न् इथंबी भट्टी. इथं निदान तू तरी हायेस, माय."

गावची आशाताई शालू घरी येऊन सांगून गेली होती, "घाम येतोय तंवर भ्यायचं न्हाई. घाम बंद झाला, की पळायचं." तेव्हापासून बेबीनंदाचं अर्धं लक्ष फुलांवर असायचं आणि अर्धं लेकीच्या मानेवर. मान ओली दिसली की तिचा जीव खाली बसायचा.

त्या दिवशी जेवणं झाली आणि तालुक्याहून उन्हातली कामं तपासणारं पथक आलं. जीपच्या काचा वर होत्या. साहेब उतरले आणि त्यांच्या माणसाने दाराशेजारी सरकारी कागद चिकटवला. कागदावर शेतात उभा असलेला, छत्री धरलेला माणूस.

"या बाप्याला छत्री दिली सरकारनं," एक बाई म्हणाली. "आपल्याला काय?"

"आपल्याला पुरं नेट दिलं की!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

साहेब म्हणाले, "बारा ते चार उन्हातलं काम बंद. शासनाचा आदेश आहे."

"उन्हात कोन हाय, साहेब?" अप्पाराव म्हणाला. "हे बिलकुल सावलीतलं काम. इचारा बायांना."

चांगुणाबाई बायांची मुकादम. तिने पदर सावरला. "बराबर हाय साहेब. आम्ही काय कापसातल्या बाया हाव का उन्हात तळायला?"

हा ताठा खरा होता. गावात नेटातल्या बाईला मान आहे, तिला सावलीतली बाई म्हणतात. त्या मानापायी चांगुणाबाई बोलून गेली. बेबीनंदा लेकीच्या मानेकडे बघत होती. साहेबांनी पाण्याच्या माठाचा फोटो काढला. बाया आत गेल्या. अप्पारावने दार बांधलं आणि पथकाला चहा पाजायला फाट्यावर नेलं. माठ दाराबाहेर राहिला.

आत श्वास घेतला तर तो नाकात भाजायचा. औषधाचा वास, ओल्या मातीची वाफ. बेबीनंदाने शेजारच्या रांगेत पाहिलं. भावनाची मान ओली होती. ती पुढच्या फुलाकडे वळली. परत पाहिलं तेव्हा मान कोरडी होती.

पदराने पुसली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग हात लावला. कातडी तापल्या तव्यासारखी.

"भावना?"

"माय, हे फूल लाल काहून दिसून राह्यलं?" भावना पिवळ्या फुलाकडे बघत म्हणाली आणि चिमट्यासकट वाफ्यात बसली, मग आडवी झाली.

"अप्पा! ओ अप्पा! दार सोडा!" बाया ओरडल्या. फाट्यावर ऐकू जाणार कसं? आत एक, बाहेर एक अशा दुहेरी दारातून बाहेरच्या सुतळीला हात पोचेना.

बेबीनंदाने झाडं बांधायचा दोरा कापायचं ब्लेड घेतलं आणि जाळीकडे धावली. चांगुणाबाईने तिचं मनगट धरलं.

"बेबे, जाळी न्हाई! माशी शिरंल. साऱ्याजणींचं जाईल. येईल अप्पा, दम धर."

"काकू, तिचा घाम गेलाय."

चांगुणाबाईने वळून पाहिलं. भावनाचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. चांगुणाबाईची पकड सुटली. बेबीनंदाने जाळी कमरेपासून जमिनीपर्यंत फाडली.

भावनाला लिंबाखाली नेऊन तिच्यावर माठ ओतला. शालू पळत आली, ओली लुगडी गुंडाळून वारा घालू लागली. दवाखान्याच्या गाडीला फोन केला. बेबीनंदाचा एक हात लेकीच्या मानेवर, दुसरा पोटावर. मानेवरचं पाणी सुकलं तरी घाम नाही, पोटात हालचाल नाही. नेटाच्या भोकाशी माश्या घोंगावत होत्या, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

मग मानेवर ओल आली. माठातल्या पाण्याची की घामाची, कळेना. बेबीनंदाने पदराने पुसून पाहिलं. पुन्हा ओल आली. पोटावरच्या हाताला मात्र अजून काही लागत नव्हतं.

तेवढ्यात अप्पारावला घेऊन जीप परत आली. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठे पडली? बाहेर की आत?"

"नेटात, साहेब. सावलीत," अप्पाराव घाईने म्हणाला.

साहेबांचा चेहरा सैल झाला. "मग आदेशाचा भंग नाही. गरोदर आहे, अशक्तपणा असेल."

"आदेश कोनी लिव्हला?" बेबीनंदा बसल्या जागेवरून म्हणाली. "जिथं वारा न्हाई तिथं ऊन मोजायचं न्हाई, असं लिव्हलंय त्यात? आत जा साहेब. तुमी आत जा, आमी बाहेरून बांधतो. मंग ठरवा सावली का काय ते."

साहेबांनी फाटक्या जाळीकडे पाहिलं, मग जीपकडे. "वर कळवतो," म्हणाले. काचा वर गेल्या.

अंबडच्या दवाखान्यात पोटातल्या बाळाचे ठोके सापडले. मंद होते. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येणार नाही. बेबीनंदा खाटेशी बसून राहिली, लेकीच्या मानेवर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी अप्पारावने जाळी शिवून घेतली. कागदावरचा छत्रीवाला तिथेच होता. दुपारी बाया आल्या. पोटं होती, यावंच लागलं. दारात चांगुणाबाईने एकेकीच्या हातावर एकेक ब्लेड ठेवलं आणि शेवटचं स्वतःच्या कमरेला खोचलं.

अप्पाराव सुतळी घेऊन उभा होता. त्याने ब्लेडं पाहिली.

"आता बांध, अप्पा," चांगुणाबाई म्हणाली आणि आत शिरली.

अप्पारावच्या हातातली सुतळी हलली नाही.