अध्यक्षांच्या टेबलावरची घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. नगरपालिकेत अध्यक्षांच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या डोक्यावर टिचकी मारली की बाहेरच्या स्टुलावरून शिपाईमावशी उठून आत येतात. मित्रांनो, एवढेच माझे काम. पण त्यात माणसे फार जवळून दिसतात, आणि खरे सांगते, बहुतेकांची मला कीव आली.

माझे पहिले अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते. ते मला एका बोटाने वाजवत, पाणी मात्र स्वतः उठून घेत. मावशी मला रोज फडक्याने पुसत. ते दिवस बरे होते.

मग भाऊ आले. चार बोटांत पाच अंगठ्या. ते मला वाजवत नसत, थोबाडीत मारत. हाताशी पडलेले पेन उचलून द्यायलाही त्यांना मावशी लागत. समोर चमच्यांची रांग. भाऊ शिंकले तरी त्यांना त्यात शहराचा विकास दिसे.

एकदा पालिकेचे अभियंते आत आले. शाळेची नवी भिंत भाऊंच्या मेव्हण्याने बांधली होती आणि ती आताच कलली होती. "भाऊ, ही पाडावी लागेल. खाली मुलं बसतात. मी सही करणार नाही," ते म्हणाले.

माझ्या शेजारी काचेचा जड पेपरवेट होता. भाऊंनी तो उचलून त्यांच्या कपाळात घातला. पडता पडता अभियंत्यांचा हात माझ्यावर आला. त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाजवले. साऱ्या कचेरीला ऐकू गेले, पण कोणी आले नाही. मावशीसुद्धा नाहीत. अभियंत्यांचे रक्त माझ्या बुडाशी सुकले.

अभियंतासाहेब वाचले आणि खटला उभा राहिला. साहेब पाय घसरून पडले, असे चमच्यांनी शपथेवर सांगितले. मावशी मात्र म्हणाल्या, "दार उघडं होतं. भाऊंनी मारलं ते मी पाहिलं. साहेब घंटी वाजवत होते आणि मी भीतीनं उठले नाही."

भाऊंना दोन वर्षांची शिक्षा झाली. अशी शिक्षा झाली की पद जाते, असा इथला कायदा. पण भाऊ जामिनावर सुटले आणि दुसऱ्या दिवशी येऊन खुशाल खुर्चीत बसले. चमच्यांनी हार घातला. पद गेल्याचा आदेश खिशात ठेवून मुख्याधिकारी दाराशी घुटमळत होते. पाठीचा कणा ते बहुधा घरी विसरले होते.

भाऊंनी चहासाठी मला थोबाडले. कोणी आले नाही. पुन्हा थोबाडले. उघड्या दारातून मावशी दिसत होत्या, स्टुलावर, हात मांडीवर ठेवून.

"ऐकू येत नाही का?" भाऊ ओरडले.

"येतं ना," मावशी म्हणाल्या. "पण ही घंटी अध्यक्षांची आहे. तुम्ही कोण?"

चमचे मोबाइल कानाला लावून एकेक करत सटकले. मुख्याधिकाऱ्यांना मग खिशातला कागद सापडला. भाऊ उठले आणि जाता जाता त्यांनी मला भिंतीवर फेकले. तेवढाच त्यांचा पराक्रम. तेव्हापासून माझा आवाज चिरका झाला आहे. शाळेची ती भिंत पाडली, हे मात्र मी ऐकले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. घंटी वाजली की ती कोण वाजवतो आहे ते आधी पाहा. पद गेलेला कोणी मिजास करत असेल तर खुशाल बसून राहा. पण कोणी मार खात असेल तर उठा, लगेच उठा. मावशी अजून रोज माझे बूड पुसतात. डाग केव्हाच गेला आहे, तरी पुसतात.