खोगीर अडकवायची खुंटी

दारातच फलक होता : "या घराचा काळ सन १८६८ पाशी थांबवला आहे."

"बरं झालं," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचा जन्म त्यानंतरचाच ना?"

शिवणकाकू चपलांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवत होत्या, म्हणून गप्प राहिल्या. सुनेच्या आईशी भांडायचं तर दोन्ही पाय जमिनीवर हवेत.

चूक मुळात काकूंचीच. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत त्या बोलून गेल्या होत्या, "आम्ही त्या मोठ्या घरात एकोणीस वर्षं राहिलोय." खोटं नव्हतं. फक्त मागच्या एका खोलीत, भाड्यानं, आणि सात बिऱ्हाडांत मिळून नळ एक, एवढं सांगायचं राहून गेलं. चार वर्षं विहीणबाई तो घास चघळत होत्या. आज स्वतः तिकिटं काढून काकूंना घेऊन आल्या. दुसऱ्याचं खोटं पकडायला निघालेला माणूस हात आखडत नाही.

(कुणीही न लावलेला फलक. वस्तू : विहीणबाई. काळ : कायमचा. धार : शाबूत. हात लावू नये.)

"मूळ कुटुंब गेल्यावर घर शंभर वर्षं रिकामं होतं," माहिती सांगणाऱ्या बाई छडी फिरवत म्हणाल्या.

"रिकामं?" विहीणबाईंनी चवीनं विचारलं. "म्हणजे अगदीच रिकामं?"

"चिटपाखरू नव्हतं."

सात बिऱ्हाडं, तेवीस पोरं, जिन्यावर रोज दोन भांडणं. चिटपाखरू नव्हतं! काकूंची खोली आली, तर तिथे 'मालकिणीचं वाचनदालन' होतं. ज्या खिडकीत त्यांचं शिलाईचं मशीन होतं, तिथे एक जाड पुस्तक उघडं पडलं होतं. मशीनच्या पायांनी जमिनीला पाडलेले खड्डे गालिच्याखाली. दाखवायचं काय?

आणि मग दाराशेजारी ती दिसली.

"खोगीर अडकवायची खुंटी. थोरले चिरंजीव पट्टीचे घोडेस्वार होते. लोहाराचं कसब पाहा."

"असं काम आता कुठे होतं?" छडीवाल्या बाईंनीच उसासा टाकला.

"अहो, ही आमच्या ह्यांची!" काकूंच्या तोंडून निघालंच. "पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सायकल भिंतीवर टांगायचे. आणि वाचनदालनात खोगीर कोण ठेवतं, मला सांगा?"

"हो का?" विहीणबाई म्हणाल्या. "मग घोडा पलंगाखाली बांधत असाल."

"खालून बघा. हिरवी असेल. हे रंगारी. कामावर उरलेला रंग दिसेल त्याला फासायचे. खालची बाजू खरवडायला कोण वाकणार?"

छडीवाल्या बाईंचं हसू मावळलं. त्या हळूच म्हणाल्या, "आजी, खरं असेल तर मला वर कळवावं लागेल. १८६८ नंतरचं काहीही आम्ही ठेवत नाही. परवाच एक नळ उपटला. ही उद्या भंगारात जाईल."

काकूंनी खुंटीकडे पाहिलं.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सायकल त्याआधी गेली, खोली त्याच्याही आधी. साऱ्या घरात त्याचं म्हणून एवढंच भिंतीत रुतून होतं, तेही घोड्याच्या नावावर. खरं बोललं तर शब्द राहतो, खुंटी जाते. खोटं बोललं तर खुंटी राहते आणि विहीणबाईंना जन्मभराची शिदोरी मिळते.

"छे," काकू म्हणाल्या. "वय झालं माझं. खोगिराचीच असेल. घोडा उमदा असणार हो."

छडीवाल्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. काकूही गेल्या. विहीणबाई मात्र खुंटीपाशी जरा रेंगाळल्या.

(ही जागा विहीणबाईंच्या विजयाच्या भाषणासाठी राखून ठेवली होती. भाषण झालं नाही.)

फाटकापाशी दोघी चपलांवरच्या पिशव्या काढत होत्या. विहीणबाईंच्या तर्जनीच्या नखात पोपटी कण अडकला होता. काकूंनी तो पाहिला, तशी विहीणबाईंनी मूठ मिटली.

"रंग मात्र भयंकर होता हं तुमच्या ह्यांचा," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. आणि पिशवी टोपलीत टाकत, "सायकलही तसलीच होती का हो?"

"घंटीसकट," काकू म्हणाल्या.